साडेचार वर्षांचे सभागृह : हैदराबाद राज्य विधानसभा (१९५२–१९५६)

हैदराबादेतल्या मराठी माणसांच्या संस्थांचा इतिहास लिहायला घेतला की नावांची यादी जवळपास ठरलेली असते. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी, १९२२ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय, नाट्यमंडळे, गणेशोत्सव मंडळे, मराठी साहित्य परिषद. या यादीत एक संस्था येत नाही. ती मराठी माणसांनी काढलेली नव्हती, एकट्या मराठी माणसांचीही नव्हती, आणि जेमतेम साडेचार वर्षांत कायद्यानेच तिचे विसर्जन झाले. हैदराबाद राज्याची पहिली आणि शेवटची निवडून आलेली विधानसभा मार्च १९५२ मध्ये कामाला लागली आणि ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी, राज्य संपले त्या दिवशी, संपली. तिचे अध्यक्ष काशिनाथराव वैद्य, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू आणि विरोधी बाकांचे नेते व्ही. डी. देशपांडे, हे तिघेही मराठी. तरीही मराठवाड्याच्या इतिहासात १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाचे तेज इतके मोठे, की पुढची आठ वर्षे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. प्रस्तुत लेखातले म्हणणे असे, की १७ सप्टेंबरने निजामाची सत्ता संपवली. कायद्याचे राज्य मात्र त्या दिवशी आले नाही. ते आले या सभागृहात, कारण ज्याच्या हाती पोलीस आणि तुरुंग आहेत त्याने काल तुरुंगात असलेल्या माणसासमोर उभे राहून उत्तर द्यायचे, हा नियम हैदराबादच्या भूमीवर प्रथम इथे लागू झाला. राज्यघटनेची प्रकृती कशी आहे हे पाहायचे तर याच नियमाची नाडी पाहावी लागते.

यावर पहिला आक्षेप जुन्या हैदराबादची माहिती असलेले लोक घेतील, आणि तो वजनदार आहे. निजामाच्या राज्यात कायदा नव्हता असे म्हणणे खोटे आहे. मुसीच्या काठावरची हायकोर्टाची देखणी इमारत १९२० साली उघडली. १९२१ साली फर्मान काढून न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात हीच मागणी काँग्रेस कितीतरी वर्षे करत होती. आपल्या राज्यघटनेने ती अनुच्छेद ५० मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिली, आणि देशभर ती नीट अमलात यायला १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली. म्हणजे या एका बाबतीत संस्थान पन्नास वर्षे पुढे होते. विवेकवर्धिनीच्या संस्थापकांपैकी केशवराव कोरटकर याच हायकोर्टात वकिली करून न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कायदे करणारे मंडळही होते आणि त्यात वकिलांच्या व जहागीरदारांच्या मोजक्या प्रतिनिधींना जागा होती. दोन रयतांमधला बांधाचा किंवा सावकाराच्या वहीचा तंटा इथली न्यायालये इतर कुठल्याही प्रांताइतक्या नेकीने सोडवत असत, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच राज्यात सभा भरवायची तर आधी सरकारी परवानगी घ्यावी लागे. ज्या परिपत्रकाने हे बंधन घातले होते ते ‘गस्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने त्या पिढीच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ होते. खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. जिचे सभासद नोंदले गेले नव्हते, जिचे पहिले अधिवेशन भरले नव्हते, तिने काय गुन्हा केला हे ठरवायला कुठलेही न्यायालय बसले नाही. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. न्यायालय स्वतंत्र होते, पण ज्या फर्मानाने ते स्वतंत्र झाले ते फर्मान दुसऱ्या फर्मानाने मागे घेता आले असते. प्रजेचा प्रजेशी तंटा न्यायालयात जाई. प्रजेचा राजाशी तंटा जायला जागाच नव्हती. कायद्याने चालणारे राज्य आणि कायद्याखाली असलेले राज्य यांतले अंतर एवढेच असते, आणि १९३७ च्या परतूर अधिवेशनापासून महाराष्ट्र परिषदेत वावरलेल्या कार्यकर्त्यांना ते अंतर पुस्तकातून शिकावे लागले नाही.

निजाम सरकारला हे उमगले नव्हते असे नाही. १९३७ साली दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली आणि १९३९ च्या जुलैमध्ये घोषणा झाली : ८५ सदस्यांचे विधिमंडळ, त्यांतले ४२ निवडलेले. निवडणूक मात्र नागरिकांची नव्हती. जमीनदार, व्यापारी, वकील, कामगार अशा हितसंबंधांना वाटून दिलेल्या जागा होत्या, प्रत्येक जण आपापल्या कप्प्यातून येणार होता आणि अखेरचा शब्द राजाचा राहणार होता. १९४६ साली या मंडळाच्या निवडणुका झाल्या तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार घातला. थोडेथोडे घेत पुढे जायला हवे होते, असे नंतर काही समंजस लोक म्हणाले. मला ते पटत नाही. सल्ला देणारे सभागृह हे उत्तर मागणाऱ्या सभागृहाचे बालरूप नसते. तिथे सवय लागते ती विनंतीची, आणि विनंतीची सवय लागलेल्या लोकप्रतिनिधीला पुढे हक्काने विचारणे जड जाते.

सप्टेंबर १९४८ नंतरची साडेतीन वर्षे या इतिहासातली सर्वांत कठीण आहेत, आणि स्मरणिकेत ती गाळण्याचा मोह होतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा आणि निजामाच्या स्वतंत्र राहण्याच्या हट्टाचा शेवट केला. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी राज्यपाल झाले. २६ जानेवारी १९५० पासून मुख्यमंत्री म्हणून एम. के. वेलोडी आले, ते सनदी अधिकारी होते. १९४९ साली जहागिरी बरखास्त झाल्या, आणि ते मोठे काम होते, पण तेही एका विनियमाने झाले. त्यावर बोलायला सभागृह नव्हते. याच काळात पंडित सुंदरलाल यांच्या समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कारवाईच्या वेळी व नंतर मुसलमानांची जी हत्या झाली तिची पाहणी केली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपल्या मराठवाड्यातली नावे आहेत. तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांवर खटले उभे राहिले. या हत्यांचा त्या मापाने हिशेब झाला नाही, १९५२ नंतरही झाला नाही. सभागृहाचे मोठेपण सांगताना ही उणीव झाकली, तर कायद्याच्या राज्याबद्दल आपण जे बोलतो त्याला अर्थ उरत नाही. पण या उणिवेतून मी निष्कर्ष काढतो तो असा : ज्या काळात प्रश्न विचारायला जागा नसते, त्या काळातले गुन्हे पुढे सहसा प्रश्नाच्या कक्षेत येत नाहीत. सभागृह उशिरा आले याची ही किंमत होती.

राज्यघटना हैदराबादेत कशी आली हेही मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढले की भारताची संविधान सभा तयार करत असलेली राज्यघटना हैदराबादचीही राज्यघटना राहील. राजाच्या इच्छेने चालणारी व्यवस्था राजाच्याच अखेरच्या मोठ्या फर्मानाने संपली. त्या संविधान सभेत घटना स्वीकारली गेली तेव्हा हैदराबादचा एकही प्रतिनिधी नव्हता. पावणेदोन कोटींहून अधिक लोकवस्तीचे राज्य, आणि ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणणाऱ्या त्या सभेत त्याचा आवाज नाही. यावरून कोणी म्हणेल की इथली राज्यघटना बाहेरून लादलेली आहे. तसे म्हणणारे तेव्हा होते आणि उजव्या-डाव्या दोन्ही टोकांना होते. या आक्षेपाला कागदावर उत्तर नाही. उत्तर मिळाले ते १९५२ च्या मतदानात. ज्यांना १९४९ मध्ये विचारले नव्हते, ते एकवीस वर्षांवरचे सगळे स्त्री-पुरुष आता रांगेत उभे राहिले, आणि ज्यांनी ही राज्यघटना भांडवलदारांची म्हणून नाकारली होती तेही तिच्याच नियमांनी उमेदवार झाले.

ते उमेदवार कोण होते हे पाहिले की सभागृहाचे वेगळेपण कळते. तेलंगणात १९४६ पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. कम्युनिस्ट पक्षाने तो ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला. पक्षावर हैदराबादेत बंदी असल्याने त्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने निवडणूक लढवली. १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या, फ्रंटला ४२. समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ५ आणि उरलेले १४ अपक्ष. लोकसभेसाठी नलगोंड्यातून उभे राहिलेले फ्रंटचे रवि नारायण रेड्डी यांना पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मते पडली. भूमिगत राहून लढलेल्या आरुट्ला कमलादेवी आलेरमधून विधानसभेत आल्या. व्ही. डी. देशपांडे मराठवाड्याचे, पण निवडून आले तेलंगणातल्या इप्पागुड्यातून. मराठी माणसाला तेलुगू शेतकऱ्यांनी आपला म्हणून पाठवला, ही गोष्ट भाषावार राज्यांच्या आजच्या चौकटीत कल्पनेतही बसत नाही. आणि समोरच्या बाकावर गृहमंत्री दिगंबरराव बिंदू. १९४७–४८ मध्ये सीमेवरचे सशस्त्र कॅम्प चालवणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कृती समितीचे तेच अध्यक्ष होते. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव वकील, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, फारसीचे जाणकार.

इथे दुसरा आक्षेप येतो. दोन्ही बाजूंच्या बाकांवर कायदा मोडलेली माणसे बसली होती. त्यांच्याकडून कायद्याच्या राज्याची अपेक्षा कशी करायची? मला हा आक्षेप उलटा दिसतो. ज्याने कधी कायदा मोडला नाही त्याला कायदा पाळणे फुकट पडते. बिंदूंनी गस्ती निशाण त्रेपन्नखालचा पोलीस पाहिला होता, देशपांड्यांनी आणि कमलादेवींनी त्यानंतरचाही पाहिला होता. पोलीसखाते आता ज्याच्या ताब्यात होते त्याला अनियंत्रित पोलीस म्हणजे काय हे माहीत होते, आणि त्याला जाब विचारणाऱ्यांनाही माहीत होते. कायद्याचे राज्य सज्जनांच्या भरवशावर उभे राहत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेल्यांनी एका जागी, एका नियमाखाली, ठरलेल्या वेळी समोरासमोर येणे पत्करले की ते उभे राहते. त्या अर्थाने १९५२ चे हैदराबाद सभागृह देशातल्या अनेक शांत सभागृहांपेक्षा जास्त खरे होते.

त्याची परीक्षा सहा महिन्यांतच झाली. बाहेरून आलेल्यांना खोट्या मुलकी, म्हणजे स्थानिक रहिवासाच्या, दाखल्यांवर नोकऱ्या मिळतात, या संतापातून वरंगळला विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले आणि हैदराबादेत आले. ३ आणि ४ सप्टेंबर १९५२ रोजी सिटी कॉलेज आणि पत्थरगट्टीच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, तरुण पोरे मेली. लोकनियुक्त सरकारच्या पोलिसांनी आपल्याच विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडाव्यात, हे त्या सरकारला कायमचे लांच्छन आहे आणि कुठल्याही युक्तिवादाने ते पुसले जात नाही. पण पुढे काय झाले याचीही नोंद हवी. सरकारने हायकोर्टाचे न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांची चौकशी नेमली आणि त्याच डिसेंबरात त्यांचा अहवाल आला. १९३८ मध्ये किंवा १९४८ मध्ये असे काही घडण्याची कल्पनाही करता आली नसती. याच जगनमोहन रेड्डींनी पुढे सर्वोच्च न्यायालयात १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात बहुमताच्या बाजूने निकाल दिला, आणि घटनेचा मूलभूत ढाचा संसदेलाही मोडता येत नाही हे तत्त्व देशाला मिळाले. सरकारच्या बंदुकीची चौकशी करणारा न्यायाधीश आणि संसदेच्या अधिकाराला मर्यादा घालणारा न्यायाधीश एकच असणे हा योगायोग असेल. पण ते दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत.

त्या काळातल्या न्यायालयांचे काम निर्दोष नव्हते, आणि त्याचे कारणही शिकण्यासारखे आहे. तेलंगणातल्या कम्युनिस्ट कैद्यांना लष्करी राजवटीच्या विशेष न्यायाधिकरणांनी फाशीच्या शिक्षा दिल्या होत्या. जनार्दन रेड्डी खटल्यात त्या सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. आरोपींना वकील मिळाला नव्हता अशी तक्रार होती. न्यायालयाने दाद दिली नाही, कारण हायकोर्टाचे निकाल २६ जानेवारी १९५० च्या आधी अंतिम झाले होते. काही आठवड्यांचे अंतर, आणि मूलभूत हक्क हाताला लागले नाहीत. उलट १९५३ साली हबीब मोहम्मद खटल्यात चित्र पालटले. निजामी काळातला हा सुभेदार वरंगळ भागातल्या गुर्तूर गावच्या जाळपोळीच्या आणि हत्यांच्या आरोपात दोषी ठरला होता. लोकांचा रोष त्याच्यावर किती असेल हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण घटनास्थळी हजर असलेल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला सरकारी पक्षाने साक्षीलाच बोलावले नव्हते. त्याच वर्षी लातूरचे वकील आणि रझाकारांचे सेनानी कासीम रझवी यांचे अपील मात्र बहुमताने फेटाळले गेले. पण तेही पूर्ण युक्तिवाद ऐकून, न्यायाधीशांच्या मतभेदाची नोंद ठेवून. ज्याचा सर्वांना तिटकारा आहे त्याला पूर्ण सुनावणी मिळाली की नाही, यावर न्यायव्यवस्थेचे माप ठरते. या मापाने १९५० आणि १९५३ यांतला फरक तीन वर्षांचा नाही, दोन राज्यपद्धतींचा आहे.

सभागृहाच्या भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिथे आपल्या मराठी समाजाचे एक जुने देणे आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत सामाजिक परिषद भरली, ती विवेकवर्धिनीच्याच नाट्यगृहात. एक वक्ता तेलुगूत बोलू लागला तेव्हा श्रोत्यांनी, मुख्यतः मराठी श्रोत्यांनी, त्याची हुर्यो उडवली आणि त्याला बोलू दिले नाही. त्या अपमानातून आंध्र जनसंघ निघाला आणि तेलंगणाच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात झाली. सुधारणेसाठी जमलेल्या सभेत बहुसंख्येच्या भाषेची थट्टा झाली, ही गोष्ट आपल्या इतिहासात स्पष्ट अक्षरांत असायला हवी. १९५२ च्या सभागृहात अनुच्छेद २१० प्रमाणे ज्या सदस्याला हिंदी, इंग्रजी वा राज्यभाषेत नीट बोलता येत नाही त्याला मातृभाषेत बोलू द्यायची मुभा देणे अध्यक्षांच्या हाती होते, आणि अध्यक्ष होते काशिनाथराव वैद्य. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, सगळ्या भाषा त्या कार्यवृत्तात आपापल्या लिपीत छापलेल्या आहेत. एकतीस वर्षांपूर्वी ज्या समाजाने तेलुगू वक्त्याला खाली बसवले, त्याच समाजातला माणूस आता तेलुगू सदस्याला बोलण्याचा हक्क देण्यास नियमाने बांधला गेला होता. काशिनाथरावांच्या सज्जनपणाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण महत्त्व आहे ते त्यांच्या सज्जनपणावर ही गोष्ट अवलंबून राहिली नाही याला.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा. म्हणतात, हे सभागृह दुबळे होते. हैदराबाद ‘ब’ वर्गातले राज्य. मूळ अनुच्छेद ३७१ प्रमाणे अशा राज्यांचे सरकार दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली होते. राजप्रमुख म्हणून निजाम मीर उस्मान अली खानच होते, त्यांच्याच नावाने कारभार चाले. हे खरे आहे. पण दुबळ्या सभागृहाने काय केले ते पाहावे. १९५० च्या कूळकायद्याला १९५४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम ३८-ई ने संरक्षित कुळाला जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी केली. जहागिरी विनियमाने गेल्या. कुळाची मालकी मात्र दोन्ही बाकांवरच्या माणसांनी आपापल्या मतदारांपुढे जाब द्यायच्या जाणिवेने लिहिली. अंमलबजावणी अर्धवट राहिली, काही जिल्ह्यांपुरती राहिली, जमीनमालकांनी पळवाटा काढल्या. पण त्या कलमावर तेलंगणातली कुळे पुढे अनेक दशके न्यायालयांत उभी राहिली. मागता येईल असा हक्क त्यांच्या हाती होता.

आता विसर्जनाकडे यावे लागते. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये शिफारस केली की मराठवाडा मुंबई राज्यात जावा, कन्नड जिल्हे म्हैसुरात, आणि तेलंगणाचे वेगळे हैदराबाद राज्य तूर्त राहावे; १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर त्याच्या विधिमंडळाने दोनतृतीयांश बहुमताने ठरवले तरच आंध्राशी विलीनीकरण व्हावे. डिसेंबर १९५५ मध्ये या सभागृहात चर्चा झाली. १७४ सदस्यांपैकी १४७ जणांनी मत मांडले. १०३ विशालआंध्राच्या, म्हणजे या विलीनीकरणाच्या, बाजूने, २९ विरोधात, बाकी तटस्थ. या १०३ मध्ये मराठी आणि कन्नड सदस्यही होते. जे वर्षभरात निघून जाणार होते त्यांच्या मतांचा भार, जे मागे राहणार होते त्यांच्या भवितव्यावर पडला. तेलंगणाच्या सदस्यांतही बहुसंख्य विलीनीकरणाच्या बाजूने होते असे सांगितले जाते, आणि ते बरोबर आहे. तरीही आयोगाने घातलेली अट होती ती फक्त तेलंगणाच्या, नव्याने निवडून आलेल्या सभागृहाच्या दोनतृतीयांश मतांची. तिची जागा १९५५ च्या चर्चेने भरून निघत नाही. मराठी सदस्यांनी त्या प्रश्नावर तटस्थ राहणे उचित ठरले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेला सभागृहाचे मत फक्त विचारावे लागते, मानावे लागत नाही. १९५५ मध्ये अनुकूल मताचा आधार घेतला गेला. ३० जानेवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणा विधेयक आवाजी मतदानाने फेटाळले, तरी संसदेने ते मंजूर केले आणि २ जून २०१४ ला राज्य झाले. दोन्ही वेळा घटनेचे अक्षर पाळले गेले. लोकांचे मत एकदा सोयीचे म्हणून मोजायचे आणि एकदा गैरसोयीचे म्हणून सोडायचे, ही मोकळीक मात्र घटनेने दिल्लीला दिलेली आहे, आणि संघराज्याच्या प्रकृतीची चिंता करणाऱ्याने ती नजरेआड करू नये.

तेलंगणाच्या शंका शमवण्यासाठी २० फेब्रुवारी १९५६ ला दोन्हीकडच्या पुढाऱ्यांत ‘सद्गृहस्थांचा करार’ झाला. मराठवाड्याने त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करारावर सही केली होती. दोन्हींत नोकऱ्या, शिक्षण, खर्चाचा वाटा यांची वचने होती. फरक असा पडला की विदर्भ-मराठवाड्याच्या वचनाचा काही भाग सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये गेला. घटनेत गेले म्हणजे सुरक्षित झाले, असे आपण धरून चालतो. पण त्या अनुच्छेदातली वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली. तेलंगणाचा करार घटनेबाहेर राहिला आणि १९६९ मध्ये रस्त्यावर रक्त सांडले; मराठवाड्याचे वचन घटनेत असून अडतीस वर्षे निजून राहिले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट हरवली होती : ज्या सभागृहात मराठवाड्याचे पाच जिल्हे सोळांपैकी पाच होते आणि त्यांच्या सदस्याला मंत्र्याला अडवता येत होते, ते सभागृह. मुंबईच्या विशाल विधानसभेत हे पाच जिल्हे कोपऱ्यात गेले. विलीनीकरण चुकीचे होते असे मी म्हणत नाही. मराठी राज्य हवेच होते. पण वचन राखले जाते ते ते विचारणाऱ्याच्या संख्येने आणि बसायच्या जागेने, हे त्या आनंदात विसरले गेले.

न्यायालयाच्या बाबतीत हा तोटा सर्वांत उघडा दिसतो. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बीडच्या किंवा नांदेडच्या पक्षकाराचे हायकोर्ट हैदराबादेत होते. दुसऱ्या दिवसापासून ते मुंबईला गेले. नागपूरला हायकोर्टाचे कामकाज लगेच सुरू झाले, औरंगाबादला नाही. पंचवीस वर्षे मराठवाड्यातला कूळ, शिक्षक, निलंबित तलाठी सरकारविरुद्ध रिट घालायला मुंबईची गाडी पकडत होता. ज्याच्याकडे भाडे आणि वकिलाचे पैसे नव्हते त्याच्या दृष्टीने अनुच्छेद २२६ अस्तित्वातच नव्हते. वकिलांनी आणि जनतेने मागणी लावून धरली, सरकारने आश्वासने दिली, आणि अखेर १९८१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी औरंगाबादला न्यायमूर्ती बसवण्याचा आदेश काढला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो राज्य पुनर्रचना कायदा १९५६ च्या कलम ५१(३) चा. ज्या कायद्याने हैदराबादचे सभागृह आणि हैदराबादच्या हायकोर्टाचा मराठवाड्यावरचा अधिकार संपवला, त्याच कायद्यातली ही तरतूद पंचवीस वर्षांनी उपयोगी पडली. आदेशाला आव्हान दिले गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नारायण शामराव पुराणिक खटल्यात तो कायम केला, आणि मराठवाड्यातल्या माणसाला सरकारला जाब विचारायला पुन्हा आपल्या अंगणाजवळ जागा मिळाली.